पाण्यावरची गाडी आणि तिचा देव

५ सप्टेंबर, शुक्रवार

चार दिवसांसाठी गोव्याला गेलेला जीवन आला! आणि एकटा नाही आला, टेम्पोत गाडी घालून आला. ही डायरीही त्यानेच आणली. वर नारळाचं झाड छापलंय आणि आत गोव्याच्या हॉटेलचं नाव. म्हणाला, "घे, तुले लिहाची हौस हाय ना." बाहेर मी त्याला 'अवो' म्हणते, पण डायरीत नाव घेणार. इथे कोण बघतंय!

गाडी म्हणजे वॉटर स्कूटर. जुनी आहे, पिवळी आहे आणि एका बाजूने खरचटलेली आहे. गोव्याला तो ज्याच्याकडे कामाला जातो त्या मालकाने नव्या गाड्या घेतल्या आणि ही जीवनला देऊन टाकली. आमचा सगळा बंजारा तांडा टेम्पोभोवती गोळा झाला. माझे सासरे डोंगरसिंग, आम्ही त्यांना बा म्हणतो, ते दोन फेऱ्या मारून म्हणाले, "याले चाकं कुठी हायेत?"

"बा, हे पाण्यावर चालते."

"म्हैस बी चालते पाण्यात. तिले पेट्रोल नाई लागत."

जीवनने सगळ्यांना गाडी समजावून सांगितली. हँडलजवळ बोटाएवढी एक गोल गुंडी आहे, तिच्या डोक्यावर वाटाण्याएवढा चांदीसारखा ठिपका. त्या गुंडीवर एक लाल टोपी बसवायची. टोपीला दोरी, दोरी मनगटाला. टोपी बसली की गाडी 'टुन-टुन' असं दोनदा बोलते, मग हिरवं बटण दाबायचं. चालवणारा पाण्यात पडला की दोरीने टोपी निघते आणि गाडी जागच्या जागी बंद. "मालकाले ओळखते ती," जीवन म्हणाला. टेम्पोतच त्याने टोपी बसवली. टुन-टुन! बटण दाबलं आणि अशी डरकाळी फुटली की शेजारच्या लालीबाईच्या कोंबड्या कुडावरून उडून गेल्या. पाण्याबाहेर जास्त वेळ चालवायची नसते म्हणून त्याने लगेच बंद केली, पण मला तेवढ्यातच हसून हसून उचकी लागली.

आता खरी गोष्ट लिहिते. लग्न झाल्यापासून मला नवरा मिळतो तो पावसाळ्यापुरता, वर संक्रांतीचे चार दिवस. ऊन पडलं की गोव्याचा मुकादम देवीलाल मजुरांची गाडी भरतो आणि हा निघतो. या वर्षी म्हणतो, धरणाच्या पाण्यावर हीच गाडी फिरवीन, पुसदहून लोक येतील. परवानगीही मिळाली आहे. गाडी चालली तर तो इथे, बाळाजवळ आणि माझ्याजवळ. नाही चालली तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी देवीलालची गाडी. आणि मला नववा महिना लागला आहे.

म्हणून मी कामाला लागले. नवी गाडी दारात आली की आमच्यात पूजा होते, भोग लागतो. पण या गाडीत देव मांडायला जागाच नाही. मग ती गुंडी दिसली. गोल, गुळगुळीत, मधे चांदीचा ठिपका. देवानेच स्वतःची जागा करून ठेवली होती! मी तुपात शेंदूर कालवून तिला छान लेप दिला आणि वर गुळाचा खडा टेकवला. माझी सासू मोतीबाई, म्हणजे याडी, म्हणाली, "सुनबाई हुशार हाय." याडी असं वर्षातून एकदा म्हणते.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज गाडी पाण्यात उतरवली. तांड्यातल्या सेवादासने ट्रॅक्टर दिला, सगळ्यांनी जोर लावला आणि गाडी तरंगली. मी काठावर खाटेवर राणीसारखी बसले होते. निघण्याआधी तुपाचा ताजा लेप दिला, गूळ ठेवला. जीवनने पाया पडून गूळ खाल्ला, वर हलकेच टोपी बसवली.

काहीच नाही. टुन नाही की टुन नाही. बटण दाबलं, परत दाबलं. गाडी पाण्यावर अशी गप्प बसली होती जशी रुसलेली मावळण, म्हणजे आत्या. जीवनचं तोंड पाहून मला हसूही आलं आणि देवीलालची गाडीही आठवली. बा म्हणाले, "पितर चालू हायेत. पितरात नवं काम करता का कोणी?" त्यामुळे सगळ्यांना बरं वाटलं. पितरांवर ढकललं की कोणाची चूक राहत नाही.

संध्याकाळी मी आणखी थोडं तूप लावून आले. देवालाही नवीन जागेत रुळायला वेळ लागतो.

११ सप्टेंबर, गुरुवार

पुसदहून शकीलभाई आले. शकीलभाई पाण्याचे पंप, मोटारसायकली, मिक्सर सगळं दुरुस्त करतात. देवळाचा भोंगा आणि मशिदीचा भोंगा दोन्ही त्यांच्याच हातचे. आत्मविश्वास एवढा की गाडी पाहायच्या आधीच म्हणाले, "भाभी, टेन्शन नका घेऊ. बॅटरी गेली हाय."

नवी बॅटरी टाकली. काही नाही.

"मले वाटलंच व्हतं," शकीलभाई म्हणाले. "बॅटरी नाई, वायर हाय." मग सगळ्या वायरींची टोकं सोडून, घासून, परत आवळली. त्यांनी सीट काढली, खालचं झाकण काढलं, आत डोकं घालून बसले, फक्त पाय दिसत होते. एका गोष्टीचं मला फार भारी वाटलं. हँडलजवळ आले तेव्हा हात मागे घेतला आणि म्हणाले, "इथी देव बसला हाय. इथी माझा पाना लागणार नाई. बाकी सारं खोलतो." आणि ग्रीसचे हात लागू नयेत म्हणून गुंडीवर स्वच्छ पिशवी बांधून ठेवली. माणसात अशी अदब पाहिजे.

जाताना त्यांच्या बायकोने, रशीदाभाभींनी दिलेला लोणच्याचा डबा ठेवून गेले. मी अर्धा डबा उभ्या उभ्या संपवला. बाळाची फर्माईश होती, माझा काही दोष नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज तांड्यात नाच झाला. झालं असं की शकीलभाईंनी फ्यूज तपासले, सगळे बरोबर. मग बॅटरीपासून स्टार्टरकडे जाणाऱ्या डबीच्या दोन बोल्टांवर स्क्रू-ड्रायव्हर आडवा धरला. ठिणगी उडाली आणि इंजिन घर्र, घर्र, घर्र फिरलं! पेटलं नाही, पण फिरलं! बा टाळ्या वाजवायला लागले, याडीने घरातून ओरडून विचारलं, "कांयी वेगो?", म्हणजे काय झालं. मी म्हटलं, काही झालं नाही, होणार आहे.

"पाह्यलं का?" शकीलभाई कपाळ पुसत म्हणाले. "स्टार्टर ठणठणीत. बॅटरी ठणठणीत. इंजिन ठणठणीत."

"मंग सुरू काहून नाई होऊन राह्यली?" जीवनने विचारलं.

"सारं ठणठणीत हाय म्हणून तं समजत नाई. गाडीचं डोकंच परवानगी देऊन नाई राह्यलं. ठिणगी सोडत नाई ते."

मग त्यांना मुंग्या दिसल्या. लाल मुंग्यांची रांग सीटवरून हँडलकडे चालली होती. शकीलभाईंनी मांडीवर थाप मारली. "सापडलं! मुंग्याहिनं वायर खाल्ली!" सगळी दुपार खाल्लेली वायर शोधण्यात गेली. मला वाटत होतं, मुंग्या गूळ खायला येतात, वायर कशाला खातील? पण मेकॅनिकपुढे कोण बोलणार. मुंग्या देवाचा वाटा पळवतात ते मात्र मला आवडलं नाही. गुंडीवर हळदीची चिमूट दाबून बसवली आणि गेलेल्या तुपाच्या दुप्पट तूप घातलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पाय सुजलेत. याडी म्हणते पोट पुढे आहे म्हणजे मुलगा. बा म्हणतात मुलगाच, त्यात विचारायचं काय. लालीबाई म्हणते मुलगी. जीवन म्हणतो, "काही बी होऊ दे, टुन-टुन झालं पाह्यजे."

२१ सप्टेंबर, रविवार

आज हसू आलं नाही.

सकाळी दोरीवर त्याचा गोव्याचा शर्ट वाळत होता. तोच तो, निळा, ज्यावर मासे आहेत. तो शर्ट तो इथे कधीच घालत नाही, जायच्या दिवशी घालतो. मी विचारलं, "अवो, हा कायले धुतला?"

"मळला व्हता."

"पेटीतल्या पेटीत मळला?"

तो विळा घेऊन गवताला गेला. देवीलालचा फोन येऊन गेला होता हे मला बांकडून कळलं. त्याने जीवनची जागा धरून ठेवली आहे.

कोणाला सांगता येत नाही म्हणून इथे लिहिते. मला त्याने जायला नको आहे. बाळाने डोळे उघडले की याचं तोंड दिसावं, मोबाईलमधलं नको. मोबाईलमध्ये त्याचं नाक मोठं दिसतं. एवढंच मागते आहे, यापेक्षा जास्त काही नाही.

दुपारी मी पाण्याकाठी गेले आणि देवाशी सौदा केला. दसऱ्यापर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ तूप, शेंदूर, गूळ, खंड पडणार नाही. आता गुंडी ओळखूही येत नाही, असा गोलमटोल लाल देव झालाय. टोपी दाबून बसवावी लागते, आणि काढली की तिच्या आतूनही तूप निघतं. प्रसाद म्हणून मी ते जीवनच्या कपाळाला लावते.

२४ सप्टेंबर, बुधवार

परवा नवरात्र बसलं, घट मांडला. आणि आज असं हसले की बाळाने आतून लाथ मारली.

शकीलभाईंनी मोबाईलवर एक व्हिडिओ शोधून आणला. कुठला तरी गोरा, टकला माणूस, अगदी अशीच पिवळी गाडी. बोलणं कोणाला कळेना, पण हात दिसत होते. त्याने सगळ्यात आधी टोपी काढली, फडक्याने गुंडी पुसली, टोपीच्या आत बोट घालून पुसलं, मग टोपी बसवली. शकीलभाईंनी तेवढं बोटाने पुढे ढकललं.

"काहून ढकललं?" जीवनने विचारलं.

"ते आपल्यासाठी नाई. त्याहिच्या गाडीवर देव नसते, धूळ असते. धूळ पुसून राह्यला तो."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. मग त्या माणसाने बॅटरी काढली, वायरी काढल्या, डबी काढली, म्हणजे आम्ही जे जे केलं तेच सगळं. बा म्हणाले, "याले बी काही येत नाई. आपल्यावाणीच हाय."

शेवटी शकीलभाईंनी गाडीचं डोकं म्हणतात ती काळी पेटी उघडून उन्हात ठेवली. याडीने शेजारीच पापड वाळत घातले होते. एक पापड आणि पेटीचं झाकण यांची अदलाबदल होता होता राहिली.

३० सप्टेंबर, मंगळवार

पुसद, दवाखाना. पेन याडीचं, अंगठ्याला शाई लागते आहे.

मुलगी! काल झाली. मला आणलं सेवादासच्या टेम्पोतून, आणि रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला मी जीवनला एकेक शिवी दिली. तो 'हो, हो' म्हणत होता. तिचं नाक जीवनचं आहे, मोबाईलमधलं. मी तिच्याकडे पाहून सारखी हसते आहे. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "बाई, तुले गुंगीचं औषध देल्लं का?"

बा आले, पाहिलं, "बरं हाय," म्हणाले आणि चहा प्यायला गेले. अजून पितातच आहेत.

घरात आता सोयर आहे. म्हणजे जन्माचं सुतक, दहा-बारा दिवस आमच्या हाताने देवाला शिवायचं नाही. घट लालीबाईच्या घरी सोपवला. पण मला एकदम आठवलं आणि मी ताडकन उठून बसले. "याडी! गाडीवरचा देव!"

याडीच्या हातातली पेज सांडली. तिथे देव उघड्यावर बसलेला, रोज जीवन त्या गाडीला हात लावणार, सोयराचा हात. "उतरवला पाह्यजे. पण आपला हात तं चालत नाई. उतरवणार कोण?"

नेमके त्याच वेळी शकीलभाई आणि रशीदाभाभी शिरा घेऊन आत आले. याडी शकीलभाईंकडे अशी पाहायला लागली की ते दारातच थांबले.

"शकील, तुले तं सोयर नाई."

"नाई."

"मंग देव तूच उतरव."

"मी?" शकीलभाईंनी आधी याडीकडे, मग मुलीकडे, मग शिऱ्याकडे पाहिलं. "याडी, मी आजवर त्याले बोट नाई लावलं."

"आता लाव. मी सांगून राह्यलो ना." याडी घाईत असली की पुरुषासारखी बोलते. "पण एक कण राह्यला नाई पाह्यजे. कण बी राह्यला तर दोष आपल्याले. टोपीच्या आतून बी पुसजो."

"तूप हाय ते. पाण्यानं नाई निघणार. पेट्रोल चालते का?"

"पेट्रोलनं पूस नाई तं अत्तरानं. पण लखलखीत कर."

रशीदाभाभींनी पर्समधून नवा कोरा पांढरा रुमाल काढला आणि म्हणाल्या, "इससे पोंछना. वो गॅरेजवाला चिंधा नको." मग मला शिरा भरवला. मी तीन वाट्या खाल्ल्या. मनात म्हटलं, तूप थांबलं, आता गाडीचं काही खरं नाही. दसऱ्यापर्यंतचा माझा नेमच मोडला. मुलीच्या कानात सांगितलं, "बाई गं, बापाला धरून ठेवायचं आता तुझ्याकडे."

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

आज लिहिणारच!

दुपारी सुट्टी झाली, घरी आलो. तांड्यात सगळे ट्रॅक्टर, मोटारसायकली झेंडूच्या माळा घालून उभ्या. आमची एकटी पिवळी गाडी पाण्यात बोडकी. शकीलभाई काठावर देव उतरवत होते, आणि तिला ना माळ, ना कुंकू, ना नारळ. आणि आमच्या दारात जीवनची बॅग. वर निळा शर्ट, माशांचा. देवीलालची गाडी उद्या सकाळी निघणार होती.

मी दाराजवळच्या खाटेवर पडले. मुलगी कुशीत. बा उंबऱ्यावर बसून पाण्याकडे पाहत होते, मुलीकडे पाठ. जीवन म्हणाला, "जाऊन येतो. शेवटचं पाहून घेतो तिले." मला वाटलं मुलीला म्हणतोय. गाडीला म्हणत होता. मी उशीत तोंड घातलं आणि खरंच रडले.

आणि तिकडून आलं.

टुन-टुन.

बा उठून उभे राहिले. मी उशीतून डोकं काढलं. मग ती डरकाळी! लालीबाईच्या कोंबड्या परत कुडावर! पिवळी गाडी पाणी फाडत निघाली, जीवन वर उभा राहून ओरडतोय, काय ओरडतोय ते त्यालाही माहीत नसेल, आणि मागे शकीलभाई त्याच्या कमरेला मिठी मारून "हळू! अल्ला! हळू!" काठावर सगळा तांडा नाचायला लागला, ट्रॅक्टरचे हॉर्न वाजायला लागले. मी रडत होते की हसत होते सांगता येत नाही, दोन्ही एकदमच चालू होतं.

बा वळले. खाटेजवळ आले, वाकले आणि मुलीला उचललं. पहिल्यांदा. आयुष्यात कोणाला एवढं हळू उचलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. दारात जाऊन तिला सगळ्यांना दिसेल अशी धरून ओरडले, "पायगुण! माह्या नातीचा पायगुण! महिनाभर बंद पडली व्हती गाडी, छोरी घरात आली न् सुरू झाली!"

मग सोनं द्यायला जो येईल तो आपट्याचं पान आधी मुलीच्या खाटेकडे लांबून टाकायचा, मग बाकी सगळ्यांना. बा प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होते. चौथ्यांदा सांगताना गाडी वर्षभर बंद होती.

बॅग परत पेटीत गेली. मी स्वतः पाहिली.

५ ऑक्टोबर, रविवार

देवीलालची गाडी गेली आणि जीवन इथे आहे. मुलगी रडली की तो उठतो, तो उठला की ती आणखी रडते. मजा आहे.

आता एक गंमत. काल शकीलभाई आले होते. ते आणि जीवन काठावर काहीतरी कुजबुजत होते, मी आले तसे दोघंही ढगांबद्दल बोलायला लागले. ढग नव्हतेच. मग जीवन म्हणाला, "शीला, सोयर फिटलं की देव काठावरच्या दगडावर मांडू. त्याले पाण्याची सवय नाई. गाडीवर हेंदकाळते."

"बरं," मी म्हटलं.

"म्हणजे तिकडेच पूजा. तिकडेच तूप. सारं तिकडेच."

"बरं म्हटलं ना."

दोघांनी असा श्वास सोडला, जसा बोजा उतरला. रशीदाभाभींचा रुमाल कुडावर वाळत होता. धुऊनही लालच होता आणि मधे गोल डाग, टोपीएवढा. मी तो हातात घेतला. तुपकट होता. मला तो गोरा टकला माणूस आठवला, पहिल्यांदा काय पुसत होता ते. टेम्पोतली पहिली डरकाळी आठवली, माझ्या पूजेच्या आधीची. आणि मग माझा तो गोलमटोल लाल देव आठवला, ज्याच्याखाली तो चांदीचा ठिपका झाकला गेला होता आणि गाडीचं डोकं टोपी शोधत बसलं होतं.

महिनाभर! बॅटरी, फ्यूज, वायरी, डबी, मुंग्या! मी खाटेवर पडून उशी तोंडात धरून हसले. टाके दुखले तरी हसले. याडी धावत आली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, बाळ हसलं म्हणून." सहा दिवसांचं बाळ.

आधी वाटलं, जीवनला जाऊन सांगावं की मला कळलंय. उठलेसुद्धा. मग दारातून पाहिलं तर बा मुलीला मांडीवर घेऊन बसले होते आणि चहाला आलेल्या धावजीकाकांना सांगत होते, "आधी मी बी नातूच म्हणत व्हतो. पण अशी छोरी नशिबानं येते, बाप्पा." मी परत येऊन पडले.

जीवनला वाटतं मला ठाऊक नाही. शकीलभाईंना वाटतं हे गुपित त्या दोघांचंच आहे. असू दे. पोरीच्या पदरात पहिल्या आठवड्यात एवढं पडलं, ते मी माझ्या तोंडाने कशाला काढून घेऊ?

१३ ऑक्टोबर, सोमवार

सोयर फिटलं. सकाळी काठावरच्या दगडावर देव मांडला, तूप, शेंदूर, गूळ, अगदी मन भरेपर्यंत. मुंग्याही आल्या, आल्या तर आल्या. पुसदहून पहिली माणसं आली होती, लाइफ जॅकेट घालून रांगेत उभी. पण बा म्हणाले, आधी माझी नात येईल, मग गाडी सुरू होईल.

त्यांनी तिला दुपट्यात गुंडाळून काठावर आणलं. जीवनने टोपीची दोरी मनगटाला बांधली, आमच्याकडे पाहिलं. शकीलभाईंनी खिशातून रुमाल काढून गुंडी सहज पुसल्यासारखी केली आणि माझी नजर चुकवली. मी दगडाकडे पाहत राहिले, फार भक्तिभावाने.

टुन-टुन.

बाळाने डोळे उघडले. बांचा चेहरा असा झाला की मला पाहवेना.

"पाह्य शीला," ते म्हणाले, "गाडी ओळखते हिले."

"होय बा," मी म्हटलं. "हिलाच ओळखते."